म्हणे लेखक जन्मावा लागतो!

"लेखक हा जन्मावा लागतो, घडवता येत नाही." गेल्या काही महिन्यांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले! कारण एवढंच, की चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी रीतसर फी भरून लेखनाचा कोर्स केला. एक भाचा म्हणाला, "मावशी, आयुष्यभर मुलांना निबंध शिकवलेस, आता तुला कोण काय शिकवणार?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा उत्तर सविस्तरच देते.

आपल्या पुण्यात गाण्याच्या क्लासला जाणाऱ्याला कुणी हसत नाही. भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहून शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. म्हणून त्यांची प्रतिभा कमी ठरली का? मग गळ्याला गुरू चालतो आणि लेखणीला का चालत नाही?

बरं, ज्यांना आपण 'जन्मलेले' लेखक म्हणतो त्यांचं काय? 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, सूचना करत, कथा पुन्हा लिहायला लावत. हा कोर्स नाही तर काय! फक्त त्याला फी नव्हती आणि प्रवेश मोजक्यांनाच होता. १९८२ साली 'सत्यकथा' बंद झालं. आज माझ्यासारखीने आपला खर्डा कुणापुढे ठेवायचा?

याच शहरातला आणखी जुना दाखला देते. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावरचा एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. दुःख तिचं होतं, धिटाई तिची होती, पण ते कागदावर आणणारी अक्षरं तिला शाळेने दिली. "जन्मावं लागतं" म्हणून फुले दांपत्य स्वस्थ बसलं असतं तर?

आता माझं सांगते. शाळेतला निबंध म्हणजे सुरुवात, मध्य, शेवट आणि जमल्यास एखादं सुभाषित. परीक्षेपुरतं ते योग्यच. कोर्समध्ये मात्र एकच प्रश्न सारखा यायचा, "तुम्ही नेमकं काय पाहिलंत?" आईवरच्या लेखात माझं वाक्य होतं, 'आईने अपार कष्ट केले.' पुढच्या खर्ड्यात त्याचं झालं, 'सगळ्यांची जेवणं झाल्यावर आई पातेल्यातली खरवड ताकात कालवून खायची.' ते वाचून धाकट्या बहिणीचा फोन आला. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मंडळी, माझी प्रतिभा रातोरात वाढली नव्हती! 'अपार' गेलं आणि तिथे पातेलं आलं, इतकंच. आणि हे शिकवता येतं.

'तीस दिवसांत लेखक व्हा' छापाच्या जाहिरातींची वकिली मी करत नाहीये. सांगण्यासारखं काही आपल्याजवळ असावं लागतं, ते कुठल्याच कोर्सात मिळत नाही. पण आपल्या घराघरांत असं खूप काही जवळ असलेल्या बायका आहेत. त्यांच्या वह्या कपाटात साड्यांखाली पडून आहेत. "लेखक जन्मावा लागतो" हे वाक्य नामवंतांना कुणी ऐकवत नाही, ते नेमकं या बायकांनाच ऐकवलं जातं. माझा राग आहे तो यासाठी.

तेव्हा काढा त्या वह्या बाहेर. आणि या वयात शिकायला जायची लाज वाटत असेल, तर मला सांगा. पहिल्या दिवशी सोबत येईन.