नवी रायफल की सुट्या भागांची पेटी?

गुण दोन-तीनने घसरले की संशय सगळ्यात आधी रायफलीवर जातो. त्यातच विजेत्याच्या हातात नवे मॉडेल दिसले की क्लबात चर्चा सुरू होते आणि पालक लाखांच्या हिशेबाला बसतात. या मासिकाचे मत स्पष्ट आहे. रायफल दगा देत नसेल तर ती बदलू नये. तो पैसा छर्रे, सराव आणि सुटे भाग यांवर खर्चावा.

रायफल खरोखर मागे पडली आहे का, हे ती शिकंज्यात बसवून मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका 0.5 मिलिमीटरचा असतो आणि छर्रा 4.5 मिलिमीटरचा. इतक्या बारीक खेळात छर्र्यांच्या लॉटनेही दशांशाचा फरक पडतो. बॅरलला मानवणारा लॉट सापडला की पुष्कळदा तक्रार मिटते. पॉइंट टू-टूमध्ये आन्शुट्झची 54 मालिकेची ॲक्शन दशकानुदशके चालते, आणि जुनी ॲक्शन व बॅरल नव्या ॲल्युमिनियमच्या स्टॉकमध्ये बसवता येते. मुलगा उंच झाला, खांदे भरले, तर बदलायला हवा तो स्टॉक.

बिघाड मात्र सांगून येत नाही. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या दहा मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला. दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गेला, उरलेले नेम घाईत साधावे लागले. तरीही तिने 575 गुण मिळवले. अंतिम फेरी अवघ्या 2 गुणांनी हुकली. पिस्तूल असो वा रायफल, घड्याळ दोघांनाही सारखेच. म्हणून फायरिंग पिन, स्प्रिंगा, ओ-रिंग, सील, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असल्यास त्याची बॅटरी, आणि हे सगळे बदलायची हत्यारे किटबॅगेत हवीत. सुटा भाग एकदा बसवून, त्यावर सराव करून मगच पेटीत ठेवावा. पाकीटबंद भाग स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा उघडणे धोक्याचे आहे.

मग बदलायचे कधी? याचे उत्तर कॅनडाच्या उत्तरेकडे सापडते. तिथल्या कॅनेडियन रेंजर्सनी 1947 पासून सत्तर वर्षांहून अधिक काळ ली-एन्फील्ड रायफल वापरली. आर्क्टिकच्या थंडीतही ती चालत होती आणि तिच्याबद्दल फारशी तक्रार नव्हती; पण सुटे भाग मिळणे कठीण होत गेले. अखेर 2018 पासून त्यांच्या हाती सी-19 ही नवी रायफल देण्यात आली. बदलाची वेळ ठरवायची तर हाच निकष धरावा. कंपनी आपल्या मॉडेलचे भाग अजून बनवते का, आणि विक्रेता ते किती दिवसांत आणून देतो, हे दरवर्षी विचारून घ्यावे.

एक अपवाद एअर सिलिंडरचा. त्याची मुदत उत्पादक ठरवतो, साधारणपणे दहा वर्षे, आणि ती सिलिंडरवर लिहिलेली असते. त्यात 200 बार दाबाची हवा भरली जाते. मुदत संपलेला सिलिंडर कितीही चांगला दिसला तरी वापरू नये. मुदतीतला सिलिंडर वापरणे ही आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नेमबाजाचीच जबाबदारी आहे.

पॉइंट टू-टूवाल्यांची अडचण वेगळी. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही येतात, त्यामुळे जादा बॅरल हवी असेल तर आधी परवान्याचे कागद पाहावे लागतात. दुरुस्तीही परवानाधारकाकडूनच करून घ्यावी.

एकट्या नेमबाजाला सगळे भाग परवडत नाहीत, आणि खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींना तर नाहीच. कोल्हापूर, पुणे, मुंबई, नाशिक इथल्या क्लबांनी आपल्या रेंजवर कोणती मॉडेल किती आहेत याची यादी करावी आणि नेहमी झिजणाऱ्या भागांची एक सामाईक पेटी ठेवावी. पुढच्या राज्य स्पर्धेआधी हे काम हाती घ्यावे, अशी सर्व प्रशिक्षकांना आणि क्लबांच्या चिटणिसांना कळकळीची विनंती आहे.