मोहाखालची मूठभर माती

पिशवीत काय भरायचं हे ठरलेलं असे: दोन घमेली माती, एक घमेलं रेती, एक घमेलं शेणखत. वनपाल म्हणून निवृत्त होईपर्यंत हे प्रमाण मी कितीदा मोजून घेतलं असेल, त्याला हिशेब नाही. माती कुठली, हे मात्र कधी विचारलं नाही. नदीकाठची आली तर नदीकाठची, तलावाचा गाळ आला तर गाळ. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात असताना पिशव्या भरायला येणारी एक म्हातारी माडिया बाई मला म्हणाली, "साहेब, मोहाच्या रोपाले मोहाखालची माती टाका. आपल्या मातीबिगर मोह रुसते." तिचं मन राखायला मी दोनशे पिशव्यांत तशी माती टाकू दिली. दुसरा उन्हाळा सरल्यावर लागवडीत हिरवी दिसली ती बहुतेक तिच्याच पिशव्यांतली रोपं.

कारण मला खूप उशिरा कळलं. चंद्रपूरच्या एका प्राध्यापकांनी मोहाचं केसाएवढं मूळ निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मुळाच्या पेशींच्या आत झाडाच्याच आकाराची, फांद्या फुटलेली इवली झुडपं दिसत होती. ती बुरशी होती. १८८५ मध्ये फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मूळ आणि बुरशीच्या या सोबतीला मायकोरायझा हे नाव दिलं. जमिनीवरच्या दहातल्या जवळपास नऊ वनस्पती अशा सोबतीने जगतात. मोह, साग, तेंदू, बांबू, आपलं बहुतेक सगळं जंगल त्यात आलं. बुरशीचे धागे मुळापेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे मूळ पोचत नाही अशा फटींत ते शिरतात, तिथलं स्फुरद आणि पाणी झाडाला आणून देतात. झाड पानांत केलेली साखर त्यांना देतं. गडचिरोलीच्या तांबड्या, लोहयुक्त मातीत स्फुरद लोहाला घट्ट धरून बसलेलं असतं. अशा जमिनीत हा सोबती नसला तर रोप उपाशी राहतं, वरून कितीही पाणी घाला.

ही बुरशी डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे अळंब्या, आपण हौसेने खातो, त्यांची सोबत वाळवीशी. मोहाच्या मुळातल्या बुरशीला छत्री उगवत नाही. तिचे बीजाणू मातीतच, रेतीच्या कणाहूनही लहान. म्हणून तिची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही. तोडलेल्या झाडांची संख्या लिहिली जाते, घेर लिहिला जातो. माती कोणी लिहीत नाही.

वनविकास महामंडळाने १९७४ नंतर आमच्याकडची मिश्र जंगलं साफ तोडून साग लावला. मला ते कधीच पटलं नाही. पण साफतोडीत निदान माती जागेवर राहते, खोडांची मुळं काही काळ जिवंत राहतात. खाणीत मातीच उचलली जाते. पद्मापूर-दुर्गापूरकडे गेलात तर ताडोबाच्या उंबरठ्यावर ओबीचे डोंगर दिसतील. कोळशावरची माती-दगड उपसून रचलेले हे डोंगर. त्यांच्यावर वेडी बाभूळ माजते आणि त्या बाभळीत बिबटे राहतात. मोह तिथे आपणहून आलेला मी पाहिला नाही.

आणि तरी उपाय इथेच झाला आहे. नागपूरच्या नीरी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पद्मापूरच्या अशाच ढिगावर १० हेक्टरांत प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ ढिगात या बुरशीचे बीजाणू जवळजवळ नव्हतेच. त्यांनी हेक्टरी ५० टन सांडपाणी प्रक्रियेतला गाळ टाकला, जिवाणूखतं आणि मायकोरायझा दिला, मग झाडं लावली. बीजाणू वाढले, जमीन सुधारली. तिकडे पोर्तो रिको बेटावर पाइनची लागवड वर्षानुवर्षं फसत होती. पाइनच्या जंगलातली माती आणून मुळांशी घातली, तेव्हा कुठे झाडं उभी राहिली. त्या म्हाताऱ्या बाईचं सांगणं याहून वेगळं काय होतं?

लोहखनिजासारख्या खाणींना नियम नाही असंही नाही. खनिज संवर्धन व विकास नियमांत खाणीवरची वरची माती वेगळी काढावी, पुनर्वसनासाठी वापरावी, लगेच वापरता येत नसेल तर साठवून ठेवावी, असं लिहिलेलं आहे. दोष त्या शेवटच्या सवलतीत आहे. उंच ढिगात वर्षानुवर्षं पडलेल्या मातीत जिवंत मूळ नसतं, खाली हवा पोचत नाही, धागे तुटलेले असतात. बुरशी हळूहळू मरते. दहा वर्षांनी ती माती पसरली तर कागदावर नियम पाळला जातो आणि जमिनीवर मेलेली माती पसरते. नियमात एक मुदत घाला: काढलेली माती पुढच्या पावसाळ्याआधी, तयार झालेल्या उतारावर पातळ थरात पसरलीच पाहिजे. जागा तयार नसेल तर ढीग बुटका ठेवा आणि त्यावर गवत-कडधान्य पेरा, म्हणजे मुळं जिवंत राहतील.

२०२५ मध्ये गडचिरोलीत एक कोटी झाडं लावण्याचा संकल्प जाहीर झाला. त्याच वर्षी लोहखनिजाच्या प्रकल्पासाठी ९०० हेक्टरांहून अधिक वनजमीन देण्याचा, लाखावर झाडं तोडण्याचा प्रस्ताव पुढे सरकला. ती तोड मला मान्य नाही. लोहखाणीच्या सुरजागड डोंगरावर ठाकुरदेवाच्या यात्रेला जाणाऱ्या लोकांनी हे वर्षानुवर्षं सांगितलं आहे, मी नव्याने काय सांगू? पण जिथे तोड होणारच आहे, तिथली वरची वीतभर माती कुठे जाते, हे ग्रामसभांनी विचारलं पाहिजे. एक कोटी पिशव्यांत भरायला याहून चांगली माती जिल्ह्यात मिळणार नाही. उभं जंगल त्यासाठी खरवडू नका. बाजारातल्या मायकोरायझाच्या पाकिटांवरही भिस्त ठेवू नका. शेतातल्या पिकाला ती चालतील, पण त्यातली एखाद-दुसरी जात म्हणजे या डोंगराची बुरशी नव्हे. आणि पिशवीत सुपर फॉस्फेट ओतू नका. आयतं स्फुरद मिळालं की रोप बुरशीला घरात घेत नाही, ते माळावर गेल्यावर उघडं पडतं.

प्रमाण मी आता असं सांगतो: माती, रेती, शेणखत नेहमीसारखं, आणि बी टाकायच्या जागी त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची, पाला बाजूला सारून घेतलेली, बारीक मुळांसकट एक मूठ. उन्हात वाळवायची नाही. त्याच दिवशी भरायची.