मालकी सर्वांची, देखभाल कोणाची?

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे प्रत्यक्षात उतरलेला समाजवाद होय, असे अलीकडे आपल्या अनेक तरुण साथींच्या तोंडून ऐकू येते. लिनक्स ही संगणकप्रणाली कोणा एका भांडवलदाराच्या मालकीची नाही. तिची संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते, वाटता येते. तेव्हा उत्पादनसाधनांच्या सामाजिक मालकीचा प्रश्न निदान या एका क्षेत्रात तरी सुटला आहे, असा हा युक्तिवाद आहे. त्यामागील उत्साह मला प्रिय आहे. युक्तिवाद मात्र अर्धाच खरा आहे, आणि अर्धसत्यावर चळवळ उभी राहत नाही, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आरंभ एका साध्या अनुभवाने करतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार थांबवला. त्यानंतर आमच्या वस्तीतील अभ्यासिकेला सहा जुने लॅपटॉप देणगीदाखल मिळाले. विंडोज ११ ला लागणारे नवे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षासुविधा त्यांत नव्हती. म्हणून देणाऱ्याच्या लेखी ती यंत्रे भंगार झाली होती. साथींनी त्यांवर लिनक्स चढवले. चार यंत्रे लगेच कामाला लागली. पाचव्यातून आवाज निघेना. सहाव्याचा पंखा अखंड घरघरत राही आणि झाकण मिटले की ते यंत्र जे झोपी जाई ते पुन्हा उठतच नसे. यंत्रे सुस्थितीत होती, मुले वाट पाहत होती. उणीव होती ती ड्रायव्हरची.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे जे साथी संगणकाच्या वाटेला गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकप्रणालीचा जो गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो यंत्राच्या प्रत्येक अवयवाशी एका दुभाष्यामार्फत बोलतो. हा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. लिनक्सच्या गाभ्याची संहिता आज सुमारे चार कोटी ओळींची आहे आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग अशा ड्रायव्हरांनीच व्यापलेला आहे. लॅपटॉपच्या बाबतीत हे काम विशेष किचकट होते. पंख्याची गती, पडद्याचा उजेड, बॅटरी किती भरावी याची मर्यादा, ध्वनी बंद करण्याची कळ अशा लहानसहान गोष्टी प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने, आणि दर नमुन्यागणिक वेगळ्या रीतीने, यंत्रात भरलेल्या मूळ आज्ञावलीत म्हणजे फर्मवेअरमध्ये बसवते. ते फर्मवेअर बहुधा विंडोज हीच एक प्रणाली जगात आहे असे गृहीत धरून लिहिलेले असते. कित्येक यंत्रे सुरू होताना ‘तू विंडोजची कोणती आवृत्ती आहेस?’ असे विचारतात, आणि पुढची वाट सुरळीत व्हावी म्हणून लिनक्सला ‘होय, मी विंडोजच’ असे उत्तर द्यावे लागते! मक्तेदारीचा याहून बोलका पुरावा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

हे काम एकदा करून संपत नाही, हा यातील मर्माचा मुद्दा आहे. गाभ्याची नवी आवृत्ती दर नऊदहा आठवड्यांनी निघते. त्याच्या अंतर्गत जोडण्या कायम राहतील असे वचन मुद्दामच दिलेले नाही. जो कोणी जोडणी बदलील त्याने गाभ्यात समाविष्ट असलेले सर्व संबंधित ड्रायव्हर दुरुस्त करायचे, असा दंडक आहे. त्यामुळे गाभ्यात आलेला ड्रायव्हर जगतो आणि कंपनीने बाहेर ठेवलेला ड्रायव्हर काही काळात कुजतो. परंतु आतल्या ड्रायव्हरलाही कोणीतरी राखणदार लागतो. त्याला मेंटेनर म्हणतात. दूरदेशीच्या एखाद्या अपरिचिताने तक्रार पाठवायची, मेंटेनरने त्याच्याकडून यंत्रातील तक्त्यांची नक्कल मागवायची, हाती ते यंत्र नसताना दुरुस्ती सुचवायची, आणि ती करताना इतर पन्नास नमुन्यांवर जे सुरळीत चालत होते ते बिघडणार नाही याची खात्री करून घ्यायची, असा हा दीर्घ, चिकट आणि निनावी श्रम आहे. नव्या निर्मितीचे समारंभ होतात. गाळ उपसणाऱ्याचा सत्कार कोणी करत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा श्रम कोण करते आणि त्याचे मोल कोण देते? लिनक्सच्या संहितेबरोबर मेंटेनरांची एक यादी असते. तिच्यात प्रत्येक विभागापुढे त्याची स्थिती नोंदवलेली असते. ‘आधार असलेला’ म्हणजे ज्याच्या देखभालीसाठी कोणाला तरी प्रत्यक्ष वेतन मिळते तो. ‘सांभाळलेला’ म्हणजे ज्याकडे कोणीतरी लक्ष देते तो. त्याखाली जमेल तेव्हा डागडुजी होणारा. आणि शेवटी ‘पोरका’, म्हणजे ज्याला कोणीच वाली उरला नाही तो. साथींनो, ही यादी तांत्रिक वाटते, पण मला तिच्यात श्रमाच्या अर्थशास्त्राचा एक संपूर्ण अध्याय दिसतो. मालकीच्या दृष्टीने या सर्व ओळी सारख्याच मुक्त आहेत. भेद आहे तो वेतनाचा, आणि कोणते यंत्र जगेल नि कोणते मरेल हे त्या भेदावरच ठरते.

लिनक्स फाउंडेशनच्या २०१७ सालच्या अहवालानुसार गाभ्यातील बदलांपैकी विनावेतन काम करणाऱ्यांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी होता. म्हणजे हौशी स्वयंसेवकांच्या जोरावर सारे चालले आहे ही समजूत केव्हाच मागे पडली आहे. बहुतांश श्रम कंपन्यांच्या पगारावर होतो, आणि पगार देणारा आपल्या नफ्याची वाट पाहूनच देतो. महासंगणक आणि कंपन्यांचे सर्व्हर यांच्यासाठी तो सढळ हाताने देतो, कारण तेथे त्याचा धंदा आहे. काही उत्पादकांनी लॅपटॉपकडेही लक्ष दिले, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. डेल आणि लेनोवो यांनी लिनक्स बसवलेले काही नमुने विकले. परंतु हे नमुने मुख्यतः तंत्रज्ञ ग्राहकासाठी होते. पाचदहा वर्षे वापरलेला, तिसऱ्या हाती आलेला स्वस्त लॅपटॉप चालू राहण्यात विक्रेत्याचा काडीचाही लाभ नाही. उलट तो बंद पडला तर नवा विकला जातो.

आणि पगार थांबला की काय होते? २०२५ साली इंटेलने मोठी नोकरकपात केली. त्यानंतर त्याच कंपनीच्या प्रोसेसरचे तापमान मोजणाऱ्या ड्रायव्हरसह काही विभाग त्या यादीत ‘पोरके’ ठरले. संहिता तशीच मुक्त राहिली, परवान्यातील एक अक्षरही बदलले नाही. गेला तो फक्त माणूस. सामाजिक मालकीच्या वस्तूवरील श्रम भांडवलाच्या अंकित राहिला तर त्या मालकीची किंमत काय उरते, याचे उत्तर या एका घटनेत आहे.

बाजारवादी मित्र यावर म्हणतील, ग्राहकाला गरज असेल तर तो लिनक्सवर चालणारेच यंत्र मागेल आणि बाजार ते पुरवील. हा युक्तिवाद टिकणारा नाही. दुकानात लॅपटॉप घेताना त्यातील पंख्याचा ड्रायव्हर चार वर्षांनी कोण सांभाळणार, हे ग्राहकाला दिसत नाही. शिवाय एकाने पैसे मोजून केलेल्या दुरुस्तीचा लाभ सर्वांना विनामूल्य मिळतो. सार्वजनिक वस्तूचे हे लक्षण सॅम्युएल्सनने १९५४ मध्येच गणिती रीतीने मांडले होते. अशी वस्तू बाजार पुरेशी पुरवीत नाही, हे भांडवली अर्थशास्त्राचेच अनुमान आहे. ते सांगायला मार्क्सची गरज नाही.

आपल्यातील काहींचा आक्षेप निराळा आहे. हा श्रम स्वेच्छेचा, निरपेक्ष आणि म्हणूनच मुक्त आहे; त्याला वेतन जोडले तर तो भ्रष्ट होईल, असे त्यांना वाटते. त्यांनी धुळे-नाशिककडील फड पद्धत आठवावी. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवरील बंधाऱ्यांचे पाणी गावाने शतकानुशतके सामायिक वापरले. ते केवळ सदिच्छेवर नव्हे. हंगामापूर्वी पाट साफ करण्याची जबाबदारी लाभधारकांवर ठरलेली होती, आणि पाणी वाटणारा पाटकरी नि राखण करणारा जागल्या यांच्या पोटाची सोय गावाने केलेली होती. पाणी सर्वांचे म्हणून पाटकरी उपाशी राहिला असता तर पाट एका पिढीत बुजला असता. निरपेक्षतेचे कौतुक करून दुसऱ्याचा श्रम फुकट घेणे ही शोषणाचीच एक सभ्य तऱ्हा आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रीविषयी आपण हेच म्हणत आलो आहोत.

येथे इतिहासाचेही स्मरण ठेवावे. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे बीज एका ड्रायव्हरच्या भांडणातच आहे. १९८० च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचे एक छपाईयंत्र मिळाले. कागद अडकला की सर्वांना कळावे एवढीच सोय त्यांना त्यात करायची होती. परंतु त्याची संहिता गुप्ततेच्या कराराखाली असल्याने त्यांना ती नाकारण्यात आली. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्या लढ्याने वाचण्याचा आणि बदलण्याचा हक्क मिळवून दिला. तो हक्क बजावणाऱ्याच्या उपजीविकेचा लढा अजून शिल्लक आहे.

तेव्हा आपली मागणी काय असावी? भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले, त्याआधी सी-डॅकने बॉस नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली. हे स्वागतार्हच होते. पण नव्या नावाची आवृत्ती काढणे म्हणजे गाभ्यातील ड्रायव्हर सांभाळणे नव्हे. केरळच्या सरकारी शाळांत दोन दशकांपासून मुले लिनक्सवर शिकत आहेत, यावरून सार्वजनिक संस्था मनात आणतील तर काय करू शकतात ते दिसते. म्हणून पहिली मागणी अशी की, शासन, महापालिका आणि जिल्हा परिषदा यांनी लॅपटॉप खरेदी करताना यंत्राची तांत्रिक माहिती खुली करणे आणि त्याचे ड्रायव्हर मूळ गाभ्यात समाविष्ट करून घेणे ही विक्रेत्यावर बंधनकारक अट घालावी. दुसरी अशी की, या खरेदीच्या रकमेचा एक निश्चित हिस्सा देखभालीच्या वेतनासाठी राखून ठेवावा आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मेंटेनरांची कायम पदे निर्माण करावीत. हे स्वप्नरंजन नव्हे. जर्मनीने २०२२ पासून अशा पायाभूत मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सरकारी निधी देण्यास प्रारंभ केला आहे. एका भांडवलशाही राष्ट्राला जे कळले ते आपल्याला कळू नये काय?

तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नसून आपणच करायची आहे. अभ्यासिकेतील पाचव्या यंत्राची तक्रार आमच्या एका तरुण साथीने नीट चाचण्या करून, हवी ती माहिती जोडून पाठवली. काही आठवड्यांनी कोणा परदेशस्थ मेंटेनरने धाडलेली चार ओळींची दुरुस्ती तिने तपासून ‘चालते’ असे कळवले, आणि यंत्र बोलू लागले. त्या नमुन्याच्या जगभरातील सर्व मालकांचे काम त्यामुळे झाले. सहावे यंत्र मात्र अजून कपाटातच आहे. त्याच्या ड्रायव्हरला वाली नाही. ते भंगारात देऊ नये असे आम्ही ठरवले आहे. सार्वजनिक मालकीची घोषणा देणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने ते एकदा उघडून पाहावे, आणि देखभालीच्या वेतनाचा प्रश्न आपल्या जाहीरनाम्यात कोठे आहे ते शोधावे.