लिटरमागे किती? वॉटच्या कुलूपबंद पेटीपासून रेवदंड्याच्या पिकअपपर्यंत

गाडी ‘देते किती’, हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. त्याला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपल्या किनाऱ्यावरच्या एका ताज्या तंट्याचे उत्तर दडलेले आहे, असे माझे मत आहे. धागा लांब आहे. सवडीने वाचावा.

तंटा घरचाच आहे. रेवदंड्याला माझा चुलतभाऊ मासळीची वाहतूक करतो. गेल्या हंगामात त्याने कर्ज काढून दीड टन वाहणारी, टर्बो डिझेल इंजिनाची नवी पिकअप घेतली. विक्रेत्याने सांगितलेला मायलेजचा आकडा प्रमाण धरून त्याने व्यापाऱ्यांशी फेरीचा दर ठरवला. तीन महिन्यांत ध्यानी आले की आकडा कुठेच जुळत नाही. गाडी कार्यशाळेत दोनदा तपासून झाली. दोष काही निघाला नाही. “तू इतिहासवाला ना? मग सांग, खोटं कोण बोलतंय?” असे त्याने मला विचारले. खोटे कोणीच बोलत नव्हते, आणि अडचण नेमकी तीच होती.

आता मागे जाऊ. जेम्स वॉटचे पेटंट १७६९ चे. १७७७ पासून बोल्टन आणि वॉट यांची इंजिने इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातील खाणींमध्ये पाणी उपसू लागली. या प्रांतात कोळसा नव्हता, तो समुद्रमार्गे आणावा लागे. म्हणून तेथे जळणाचा प्रश्न जीवनमरणाचा होता. या जोडीने मोबदला कसा ठरवला पाहा: जुन्या न्यूकॉमेन पद्धतीच्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग आमचा. म्हणजे दावा फसला तर झळ विकणाऱ्याला. बचत मोजण्यासाठी इंजिनाच्या तुळईवर फेरे मोजणारे यंत्र बसवलेले असे, आणि ते कुलूपबंद पेटीत असे, कोणी हात घालू नये म्हणून. विश्वास होता, पण कुलपासकट. (वॉट काही संत नव्हता. ही खंडणी खाणमालकांना इतकी जाचक वाटू लागली की अनेकांनी पैसे थकवले आणि प्रकरण न्यायालयांत गेले. १८०० साली पेटंट संपले तेव्हा कॉर्नवॉलमध्ये कोणी अश्रू ढाळले नसावेत.)

मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे पर्व. १८११ पासून जोएल लीन या खाणअधिकाऱ्याने दरमहा तक्ता छापायला सुरुवात केली: कोणत्या खाणीवरचे कोणते इंजिन एका बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर उचलते. या मापाला तेथे ‘ड्यूटी’ म्हणत. आकडे चढत गेले, कारण अभियंत्यांमध्ये चुरस लागली. वॉटच्या काळातील चांगले इंजिन दोन कोटींच्या आसपास होते. १८३५ मध्ये फोवी कॉन्सोल्स खाणीवरच्या एका इंजिनाने चोवीस तासांच्या खास चाचणीत साडेबारा कोटींची नोंद केली. बाहेरच्या अभियंत्यांनी भुवया उंचावल्या. चाचणीचा दिवस आणि रोजचा दिवस यांतले अंतर तेव्हाही लोकांना कळत होते.

येथे एक गोष्ट नीट पाहावी. लीनचे माप अंतराचे नव्हते, कामाचे होते. किती भार, किती उंच, किती जळणात. आपण मात्र मालवाहू गाडीलाही ‘किलोमीटर किती’ एवढेच विचारतो. हौद्यात दीड टन बर्फ-मासळी आहे की हवा, हे त्या प्रश्नात येतच नाही. भारतीय रेल्वे हा हिशेब योग्य रीतीने ठेवते: दर हजार टन-किलोमीटरमागे इंधन किती. स्वारीची गाडी आणि भाराची गाडी यांना एकच माप लावणे म्हणजे मचव्याची पारख त्याच्या शिडाच्या रंगावरून करणे होय.

आता टर्बोकडे. निकास वायूच्या जोरावर चक्र फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. पेटंट १९०५ चे. तिचे पहिले ठळक यश १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांवर दिसले, तेथे डिझेल इंजिनाची शक्ती १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. शब्द लक्षात घ्यावा: शक्ती. टर्बोचे मूळ वचन बळाचे आहे. काटकसर होते ती आडमार्गाने, म्हणजे लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाचे काम निघते आणि घर्षणात वाया जाणारा भाग कमी होतो म्हणून. पाय हलका आणि भार बेताचा असेल तोवर हा लाभ पदरात पडतो. भरल्या हौद्याने चढण चढताना टर्बो जास्त हवा देतो, आणि त्या हवेच्या हिशेबाने डिझेलही जास्त पडते. जाहिरातीत ‘टर्बोची ताकद’ आणि ‘टर्बोची बचत’ शेजारी शेजारी छापतात. दोन्ही खऱ्या आहेत, परंतु एकाच क्षणी क्वचितच.

मग छापील आकडा येतो कोठून? पुण्याच्या एआरएआय या संस्थेचे (स्थापना १९६६) नाव प्रत्येक गाडीवाल्याच्या तोंडी असते. हलक्या वाहनांची प्रमाणित चाचणी बंद जागेत, रुळांवर चाके फिरवून होते. ठरावीक चालन-आवर्तन ११८० सेकंदांचे, म्हणजे वीस मिनिटांहून किंचित कमी. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. त्यात चढ नाही, खड्डा नाही, समोरून येणारा वारा नाही आणि गाडी जवळजवळ रिकामी धरलेली असते. यात फसवणूक नाही. रस्ता रोज बदलतो, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायची तर अशी स्थिर जागा हवीच. तो आकडा ‘या दोन गाड्यांत काटकसरी कोणती’ या प्रश्नाचे उत्तर आहे. माझ्या भावाने त्याला ‘मला महिन्याला डिझेल किती लागेल’ हा प्रश्न विचारला.

त्याचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. रेवदंडा, चौल, नागाव, अलिबाग. मग कार्लेखिंडीचा चढ, पोयनाड, वडखळ नाका, पेण, पनवेल आणि पुढे मुंबईचा बाजार. ओझ्यासह सुमारे तीन टन भरणारी गाडी १०० मीटर उंच चढवायला साधारण पाव लिटर डिझेल जाते; उतारावर ब्रेक दाबला की त्यातले बरेचसे उष्णता होऊन उडते. वडखळला शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांत अडकलात तर इंजिन चालू आणि मायलेज शून्य. बाजार गाठायचा म्हणून पुढे ताशी ६० ऐवजी ८० ने हाकली, तर हवेचा विरोध पावणेदोन पट होतो. त्यातून हौद्यावर खोक्यांची उंच रास आणि फडफडणारी ताडपत्री. नव्या बीएस-६ डिझेल गाडीत निकास मार्गातील गाळणी साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करते, त्यासाठीही थोडे इंधन खर्ची पडते. परतीला गाडी रिकामी, म्हणजे डिझेल कमी पण कमाई शून्य.

या सगळ्याचा पैशात अर्थ काय? उदाहरण म्हणून छापील आकडा १५ आणि रस्त्यावरचा ११ धरू. जाऊन-येऊन २०० किलोमीटरच्या फेरीला १३.३ लिटरऐवजी १८.२ लिटर. महिन्याला २५ फेऱ्या आणि डिझेल ९० रुपये लिटर, तर फरक सुमारे अकरा हजार रुपयांचा. कर्जाच्या हप्त्यातला मोठा घास तेवढ्यातच जातो. मोटार घेणाऱ्या नोकरदाराला हा फरक चिडचिडीचा विषय असतो, पिकअपवाल्याला तो संसाराचा असतो. आणि वॉटच्या करारातली झळ येथे उलटी फिरली आहे: दावा फसला तर ती विक्रेत्यावर येत नाही, व्यापाऱ्यावर येत नाही, वित्तपुरवठा करणाऱ्यावर तर नाहीच.

म्हणून माझे म्हणणे असे. अशी पिकअप घेणाऱ्याने छापील आकड्याचा तीन चतुर्थांश भाग हाती लागेल असे धरूनच भाडे ठरवावे. खाडीकाठच्या अरुंद, वळणाच्या रस्त्यांवर, उदाहरणार्थ मुरूड-काशीदकडे, त्याहूनही कमी. अधिक मिळाले तर तो नफा समजावा. परंतु सगळा शहाणपणा खरेदीदाराकडूनच का अपेक्षावा? बारा टनांहून जड वाहनांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये इंधनवापराचे मानक अधिसूचित केले, तेव्हा मालट्रकांची चाचणी पूर्ण भारासह, ताशी ४० आणि ६० च्या स्थिर वेगाने घ्यावी असे ठरले. मालवाहू गाडी मालासकट मोजावी, हे तत्त्व आपल्याकडे मान्य झालेले आहे. तेच लहान पिकअपच्या माहितीपत्रकापर्यंत आणावे: रिकाम्या गाडीचा एक आकडा, भरल्या गाडीचा दुसरा, दोन्ही सारख्याच ठळक टाइपात. भारासह चाचणीही प्रयोगशाळेतच होईल आणि कार्लेखिंड तिच्यातही नसेल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. तरी जवळ जाणारी चूक दूरच्या अचूकतेपेक्षा धंद्याला बरी.

भावाने आता वही घातली आहे. टाकी काठोकाठ भरायची, फेरी करायची, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरायची. भरलेली फेरी एका रकान्यात, रिकामी दुसऱ्यात, चाकांतल्या हवेची नोंद समासात. जोएल लीनचे नाव त्याने कधी ऐकले नव्हते. मी सांगितले तेव्हा म्हणाला, “त्याला कोळसा तरी दिसत होता, मला नुसता काटा दिसतो.” पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. व्यापाऱ्यांशी नवा दर त्याआधी बोलायचा आहे आणि या वेळी ती वही घेऊनच बसायचे असे ठरले आहे.