परवान्याचे दार

माझ्या भाच्याचा अंबरनाथला कपडे शिवण्याचा लहानसा कारखाना आहे. आठ मशिने, छपाईचे एक टेबल आणि दहा-बारा कामगार. मुख्य काम शाळांच्या गणवेशांचे. ते उन्हाळ्यात येते. डिसेंबर ते मार्च निम्मी मशिने झाकून ठेवावी लागतात. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मनात आले, की या रिकाम्या महिन्यांत आयपीएलमधल्या एखाद्या संघाचे टी-शर्ट शिवावेत. "पण मामा, चोरून नाही. परवाना काढून, रीतसर."

पत्राचा मसुदा मीच केला. उत्तर सभ्य होते आणि त्यासोबत प्रश्नांची यादी होती. वार्षिक उलाढाल किती? किती शहरांत माल पोचवता? कारखान्याची तपासणी झाली आहे का? या सगळ्यातून पार पडलो तरी पुढे नमुन्यांची मंजुरी, प्रत्येक नगावर होलोग्राम, दर तिमाहीचा हिशेब. विक्रीवर रॉयल्टी, आणि माल खपो न खपो, एक किमान रक्कम भरावीच लागणार. शिवाय छातीवरचे प्रायोजकाचे नाव बदलले, की उरलेला माल जुना! किमान रकमेचा आकडा वाचून भाच्याने कागद घडी करून ठेवला.

संघांची बाजू मला कळते. नाव आणि चिन्ह ही त्यांची मालमत्ता आहे. त्यांनी पैसे ओतून ती उभी केली. दोन धुण्यांत रंग सोडणारा टी-शर्ट त्या नावाने विकला गेला, तर बदनामी संघाचीच. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याने खोटे चिन्ह लावलेला माल विकणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला, तो उगाच नव्हे. माझा आक्षेप कुलपाला नाही. दार एवढे उंचावर का, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत नॅशनल फुटबॉल लीगच्या संघांनी परवाने देण्यासाठी 1963 मध्ये एक सामाईक कंपनी काढली. 'अमेरिकन नीडल' नावाचा टोप्या बनवणारा एक कारखाना तिच्या परवान्यावर वर्षानुवर्षे टोप्या करीत होता. मग टोप्यांचा परवाना एकट्या रीबॉकला दहा वर्षांसाठी दिला गेला आणि या कारखान्याला दार बंद झाले. तो कोर्टात गेला. संघ म्हणाले, आम्ही सारे मिळून एकच संस्था आहोत. 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की चिन्हांच्या धंद्यात बत्तीस संघ हे वेगवेगळे व्यापारीच आहेत आणि स्पर्धेचा कायदा त्यांनाही लागू होतो. एवढ्याने परवाना परत मिळाला नाही. पण दार कोणी, कसे बंद केले हे विचारण्याचा हक्क मान्य झाला.

आपल्याकडे हे विचारायला कोण जाणार? नकारानंतर महिन्याभरात एक व्यापारी भाच्याकडे आला. "पाचशे नग छापून द्या. रोख पैसे. परवाना कोण बघतो?" रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, छापू का?"

मी नको म्हणालो. पण फोन ठेवताना माझीच मला लाज वाटली. आदल्याच वर्षी मी चर्चगेटच्या फुटपाथवर नातवासाठी संघाचा टी-शर्ट दोनशे रुपयांत घेतला होता. अस्सल होता का, हे विचारलेही नव्हते. आपल्यासारखी शहाणी माणसे स्वस्तात घेतात, म्हणून तो व्यापारी भाच्याच्या दारात येतो.

उपाय फार अवघड नाही. मोठ्यांचे परवाने राहू देत. त्यांच्याबरोबर एका हंगामाचा, एका शहरापुरता, ठराविक नगांचा छोटा परवाना ठेवावा. मोजून होलोग्राम द्यावेत आणि तेवढ्याचेच पैसे आधी घ्यावेत. नमुन्याची तपासणी हवी तेवढी कडक करावी. मैदानाबाहेरच्या विक्रेत्यालाही असाच अस्सल माल मिळावा. चोरी थांबवायला पोलिसांच्या धाडी लागतीलच. पण सरळ वाटेने जाऊ पाहणाऱ्याला वाट असली, तर धाडी कमी लागतील.

भाच्याने ते पाचशे नग छापले नाहीत. यंदा त्याने साधे निळे टी-शर्ट शिवले. ना नाव, ना चिन्ह. नातवासाठी मी एक घेतला. "आजोबा, यावर काहीच लिहिलेलं नाही," तो म्हणाला. खरे आहे. पण त्यावर खोटेही काही लिहिलेले नाही.