कूळ लागण्याची धास्ती आणि शहराकडेचा मळा



शहराच्या हद्दीला लागलेल्या गावात सकाळी एक चक्कर मारून बघा. मेथी, कोथिंबीर, पालकाचे वाफे हिरवेगार दिसतात. राबणाऱ्याला विचारा, रान कुणाचं? "मालकाचं, साहेब. आम्ही खंडानं करतो." किती दिवस? "मालक म्हणतील तोवर." कागद काही केलाय का? यावर तो नुसता हसतो.

पुण्याचेच उदाहरण घ्या. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत घेण्यात आली. गाव शहरात गेले की जमिनीचा भाव पिकावर ठरत नाही, गुंठ्यावर ठरतो. मग मालक स्वतः कसत नाही आणि लगेच विकतही नाही. चांगल्या भावाची वाट बघतो. तोवर रान पडीक राहू नये म्हणून तोंडी बोलीवर कुणाला तरी देतो. शहराच्या ताटात भाजी पडते ती या कसणाऱ्याच्या घामाची, पण सातबाऱ्यावर त्याचे नाव कुठेच नसते.

मालक कागद का करत नाही? तो वाईट माणूस आहे म्हणून नव्हे. त्याला एकच धास्ती असते, "कूळ लागेल." ही धास्ती अगदीच खोटीही नाही. १९४८ च्या कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. त्यानंतर लागलेल्या कुळालाही कलम ३२-ओ खाली जमीन खरेदीचा हक्क सांगता येतो. या कायद्याने अनेक घरांना भाकरी दिली, हे विसरून चालणार नाही. पण ज्या कायद्याने कालच्या कुळाला जमीन दिली, त्याच्याच भीतीपोटी आजच्या कसणाऱ्याचे नाव कागदावर येत नाही, हेही तितकेच खरे.

याचा पहिला परिणाम रानात दिसतो. महिना-दीड महिन्यात निघणारी पालेभाजीच घेतली जाते. पुढच्या वर्षी रान आपल्याकडे असेल याची खात्री नाही, मग शेणखत कोण घालणार आणि ठिबक कोण बसवणार? जमिनीचा कस उतरत जातो. त्यात मालकाचेही नुकसानच आहे.

दुसरा परिणाम कार्यालयात दिसतो. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो सातबाऱ्याशी जोडलेला आहे. अतिवृष्टीची मदतही खातेदाराच्याच खात्यावर जमा होते. पंचनाम्याला चिखलात उभा असतो कसणारा. बियाणे, खत, मजुरी त्याची गेलेली असते. "साहेब, यात माझं नाव कुठं बसतं?" असे तो विचारतो, तेव्हा आमच्यासारख्यांची मान खाली जाते.

यावर उपाय सुचवले गेलेले आहेत. २०१६ साली डॉ. टी. हक यांच्या समितीने नीती आयोगासाठी जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा तयार केला. त्याचा गाभा सोपा आहे. मालकी मालकाची, मुदत संपली की रान परत. मुदतीत मात्र कर्ज, विमा आणि आपत्तीची मदत कसणाऱ्याला मिळावी. आंध्र प्रदेशाने २०१९ च्या कायद्याने ११ महिन्यांचे पीक हक्क पत्र सुरू केले. त्याने जमिनीवर कोणताही हक्क येत नाही. अडचण एकच, त्यावर मालकाची सही लागते. सही न मिळाल्याने तिथेही अनेकजण बाहेर राहिले. म्हणजे मालकाची भीती घालवल्याशिवाय कसणाऱ्याचे भले होत नाही, हाच त्यातला धडा. मालकी आणि वहिवाट यांची नोंद वेगवेगळी होईल आणि एकीने दुसरीला धक्का लागणार नाही, असा स्पष्ट कायदा आपल्याकडे हवा.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर काय करता येईल?

कसणाऱ्यांनी एकेकटे बँकेत जाऊ नये. ४ ते १० जणांचा संयुक्त देयता गट करावा. तोंडी बोलीवर कसणाराही किसान क्रेडिट कार्डाच्या नियमात बसतो, हे बँकेत ठामपणे सांगावे. बियाणे-खताच्या पावत्या आणि बाजारातल्या पट्ट्या जपून ठेवाव्यात.

मालकांनी दोन गोष्टी पाळाव्यात. सौदा ठरला तरी उभे पीक निघेपर्यंत रान मोकळे करायला लावू नये. आणि पिकाची मदत आली तर ज्याने बी-खत घातले त्याच्या हाती ती द्यावी. लेखी करार करायचा असेल तर आधी जाणकार वकिलाला विचारावे.

ग्राम महसूल अधिकारी आणि आम्ही कृषी खात्यातले, आपणही पंचनाम्याच्या वेळी दोघांना समोरासमोर बसवून वाटणी ठरवून घ्यावी. ते आपल्यावर सक्तीचे नाही, पण चार माणसांसमोर दिलेला शब्द सहसा मोडत नाही.

जमीन मालकाचीच राहू द्या. हंगाम तेवढा कसणाऱ्याचा राहिला पाहिजे.