युवराजाच्या फूटपाथवर

'बँकॉकला चाललोय' असं ऑफिसमध्ये सांगून बघा. मंडळी ज्या पद्धतीनं गालातल्या गालात हसतात, ते हसू तुम्हाला ठाऊक असेलच. 'ट्रेनिंग? हो का? कसलं ट्रेनिंग?' अरे बाबांनो, खरंच ट्रेनिंग होतं. चार दिवसांत मी जी काही पापं केली ती सगळी एका दीड किलोमीटरच्या रस्त्यावर केली आणि ती सगळी थेट पोटात गेली.

रस्त्याचं नाव याओवरात. बँकॉकचं चायनाटाउन. आम्ही चौघं होतो. त्यातली एक, अकाउंट्सवाली, कट्टर शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा मेथीचे पराठे जास्त होते.

पहिल्या दिवशी चार वाजता सुट्टी झाली, तसे आम्ही तडक तिकडे पळालो. सोन्याची दुकानं, लाल पाट्या, ट्रॅफिक, घाम. आणि खायला? शार्क फिनवाली रेस्तराँ, पक्ष्यांच्या घरट्याचं सूप विकणारी रेस्तराँ, आणि गाड्यांचा पत्ता नाही. शेवटी लॅमिनेट केलेलं फोटोंचं मेन्यूकार्ड नाचवत एक माणूस आडवा आला आणि आम्ही शहाण्यासारखे त्याच्या मागे एका हॉटेलात शिरलो. माशाची किंमत बघून 'एवढं स्वस्त?' म्हणून दोन मागवले. बिल आल्यावर कळलं की तो भाव १०० ग्रॅमचा होता, आणि मासे चांगले बाळसेदार होते. हॉटेलचं नाव सांगत नाही. चूक आमचीच, चष्मा असून वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिथल्या ऑफिसमधल्या सहकारी बाईंना ही करुण कहाणी ऐकवली. जन्मानं बँकॉकच्या, आजोबा चीनमधून आलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'काल वार कोणता होता?' सोमवार. त्या इतक्या हसल्या की कॉफी सांडली. सोमवारी याओवरातच्या बहुतेक गाड्या बंद असतात, आणि इतर दिवशीही संध्याकाळी सहाच्या आधी जाण्यात अर्थ नाही. 'बुधवारी मी नेते,' त्या म्हणाल्या. 'दुपारी जेवू नका.' ट्रेनिंगमधली ही एकमेव सूचना आम्ही शंभर टक्के पाळली.

बुधवारी मेट्रोनं गेलो. २०१९ मध्ये वाट मांगकोन नावाचं स्टेशन थेट चायनाटाउनच्या पोटात उघडलंय. मांगकोन म्हणजे ड्रॅगन, आणि स्टेशनच्या छतावरसुद्धा ड्रॅगन आहे. रस्ताही तसाच नागमोडी. पाचवा राम या राजाच्या काळात, १८९० च्या दशकात तो बांधायला घेतला, आणि लोकांच्या जागा वाचवत वाचवत तो असा वळत गेला. त्याच्या कितीतरी आधी, १७८२ मध्ये पहिल्या रामानं नदीकाठी नवी राजधानी वसवायला घेतली, तेव्हा तिथे राहणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांना उठवून इकडे, सांपेंग भागात हलवलं. हे बहुतेक तेओच्यू लोक, दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरचे. आणि 'याओवरात' या शब्दाला जरा मराठी कान लावा. आपल्या 'युवराज'चाच हा भाऊबंद! म्हणजे आम्ही आपले युवराजाच्या रस्त्यावर रांगेत उभे.

साडेसहा वाजले आणि सोमवारचं कोडं डोळ्यांदेखत सुटलं. इथलं सोनं 'बाट' या वजनात मोजतात, आपल्या तोळ्यासारखं. एक बाट म्हणजे साधारण १५.२ ग्रॅम. सोनाराचं शटर खाली आलं, आणि त्या आवाजाची वाटच बघत असल्यासारख्या बाजूच्या गल्लीतून एक गाडी ढकलत आणली गेली. त्यावर पातेलं, त्याखाली शेगडी, मागून एक पोरगा डोक्यावर लाल स्टुलांची चळत घेऊन. बँकेच्या पायऱ्यांसमोर पावाची गाडी, औषधाच्या दुकानासमोर चेस्टनट भाजणारा ड्रम, त्याच्या शेजारी डाळिंबाच्या रसाच्या बाटल्या बर्फात. (डाळिंबाला थाईमध्ये 'थपथिम' म्हणतात आणि माणकालाही थपथिमच. सोनारगल्लीत अगदी शोभतं.) अर्ध्या तासात फूटपाथ भरला आणि मग माणसं सरळ रस्त्यावर बसली.

इंदूरचा सराफा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. दिवसा सोनं, रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू. एकाच जागेत दोन पाळ्या. फक्त इथे ओट्याऐवजी फूटपाथ आणि जिलबीऐवजी डुक्कर.

बाईंचा नियम सोपा होता. ज्या गाडीवर एकच पदार्थ मिळतो तिथेच थांबायचं. जिथे चाळीस मिळतात तिथून पुढे सरकायचं. पोटभर कुठेच खायचं नाही, एका जागी चौघांत दोन बोल.

पहिला थांबा गुआय जाप. जुन्या बंद पडलेल्या चायना रामा थिएटरच्या तोंडाशी हे दुकान आहे आणि नाव प्रसिद्ध आहे, त्यामुळे रांग होती. पण जाम भराभर सरकणारी रांग. तांदळाच्या पिठाच्या पातळ चादरी कापून उकळत्या पाण्यात टाकल्या की त्यांची आपोआप सुरळी होते. या सुरळ्या, वर कुरकुरीत पोर्क, कलेजी, वजडी, आणि हे सगळं एका पारदर्शक, निरागस दिसणाऱ्या सूपमध्ये. निरागस कसलं! पहिल्याच चमच्याला नाकातून पाणी. मिरची एक नाही, सगळा खेळ पांढऱ्या मिऱ्याचा.

इथे बाईंनी एक गंमत सांगितली. थाईमध्ये मिरचीला 'फ्रिक' म्हणतात आणि मिऱ्याला 'फ्रिक थाई'. कारण मूळचा तिखटपणा मिऱ्याचा. मिरची अमेरिकेहून पोर्तुगिजांच्या काळात आली आणि तिनं येऊन मिऱ्याचं नावच पळवलं. मग बिचाऱ्या मिऱ्याला 'आमचं थाई फ्रिक' असं म्हणवून घ्यायची वेळ आली. मी म्हटलं, बाई, आमच्याकडेही हीच चोरी झालीय. मिरी, मिरची! दोघंही नाक पुसत बराच वेळ हसत होतो.

पुढे कालवांचं आम्लेट. लोखंडी तव्यावर पीठ, अंडं आणि कालवं. कुरकुरीत हवं तर एक नाव, लिबलिबीत हवं तर दुसरं. आमच्या चौघांत कोकणातला एक जण आहे, तो कालवांच्या बाबतीत भयंकर खडूस. त्यानं पहिला घास घेतला, काही बोलला नाही, आणि प्लेट स्वतःकडे ओढली. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मी पाहिलेलं नाही. फदुंग दाओ गल्लीच्या तोंडाशी समोरासमोर दोन सीफूडवाले आहेत, एकाकडचे वेटर हिरव्या टी-शर्टात, दुसऱ्याकडचे लाल. टुरिस्टांमध्ये हिरवे चांगले की लाल यावर वादावादी चालते, अगदी आपल्याकडच्या मिसळीसारखी. आम्ही लांबूनच नमस्कार केला. माशांचं दुःख ताजं होतं.

पावाच्या गाडीसमोर मात्र नंबर घेऊन अर्धा तास उभं राहिलो. कोळशावर भाजलेला गुबगुबीत पाव, आत कंडेन्स्ड मिल्क किंवा पंदनच्या पानाचं हिरवं कस्टर्ड. चवीला मस्त, पण खरं सांगू? अर्ध्या तासाइतका मस्त नाही.

आणि अकाउंट्सवाली? ती बिचारी तोवर डाळिंबाच्या रसावर होती. थाई स्वयंपाकात फिश सॉस कुठे लपलेला असेल सांगता येत नाही, त्यामुळे नुसतं 'नो चिकन' म्हणून भागत नाही. तिनं इंटरनेटवरून एक शब्द पाठ करून आणला होता, 'जे'. म्हणजे चिनी पद्धतीचं कडक शाकाहारी. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. ती एका गाडीजवळ गेली आणि ठसक्यात म्हणाली, 'जे?' गाडीवरच्या बाईंनी प्रेमानं 'काय गं?' अशा सुरात मान हलवली. हिनं पुन्हा, 'जे! जे!' बाईंनी पुन्हा मान हलवली. थायमध्ये सुराला किंमत असते. सपाट सुरात म्हटलं तर 'शाकाहारी', वरच्या सुरात म्हटलं तर चायनाटाउनमधली 'ताई'. आमची मैत्रीण मोठ्या आवाजात 'ताई! ताई!' करत होती आणि ताई ओ देत होती.

शाकाहारासाठी त्यांचा दुसरा शब्दही ऐका: 'मांगसविरत'. आपलं शुद्ध संस्कृत 'मांसविरती'! आणि चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस या रस्त्यावर 'जे'चा उत्सव असतो. गाडीगाडीवर पिवळे झेंडे लागतात आणि भलेभले पोर्कवाले नऊ दिवस टोफूवाले होतात. हे नऊ दिवस बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्याच सुमाराला येतात.

ही 'ताई' विकत होती बुआ लोय. तांदळाच्या चिकट पिठाचे गोळे, आत काळ्या तिळाचं सारण, आल्याच्या कडकडीत गरम पाकात तरंगणारे. ना अंडं, ना दूध. अकाउंट्सवालीनं पहिला गोळा फोडला आणि म्हणाली, 'अरे, हा तर तिळाचा मोदक!' तीन बोल संपवले तिनं. आम्ही शेजारच्या स्टुलांवर बसलो, बाईंनी दुभाषाचं काम केलं आणि ताई बोलत्या झाल्या.

त्या आधी इथे नव्हत्या. शहराच्या दुसऱ्या भागात वर्षानुवर्षं गाडी लावायच्या. मग तो फूटपाथ मोकळा करायचं ठरलं आणि एका रात्रीत गिऱ्हाईक गेलं. कारण गिऱ्हाईक गाडीचं नसतं, कोपऱ्याचं असतं. इथे नात्यातल्या कुणाच्या तरी ओळखीनं जागा मिळाली.

तुम्हाला आठवत असेल, एप्रिल २०१७ मध्ये बातमी आली होती की बँकॉकच्या सगळ्या ५० विभागांतल्या फूटपाथवरून खाण्याच्या गाड्या हटवणार. जगभर बोंब झाली. मग खुलासा आला की याओवरात आणि खाओसान रस्ता नियमात बांधून चालू ठेवू. म्हणजे जिथे टुरिस्ट खातात ते राहणार. ज्या गल्लीत क्लार्क, शिपाई आणि टॅक्सीवाले दुपारचं जेवतात तिचं काय, हे बातमीत ठळक अक्षरांत नव्हतं. आणि गंमत बघा, त्याच वर्षी डिसेंबरात मिशेलिननं बँकॉकचं पहिलं गाइड काढलं आणि रस्त्यावरच्या स्वयंपाकालाच डोक्यावर घेतलं. जुन्या शहरात गॉगल घालून कोळशावर खेकड्याचं आम्लेट तळणाऱ्या जे फाय यांना चक्क स्टार मिळाला. (जे फाय, म्हणजे फायताई. सूर वरचा.) एकाच वर्षात हटवायचं पण आणि मिरवायचं पण. आपल्याला हे नवीन नाही. फेरीवाल्यांसाठी आपल्याकडे २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, आणि तरीही पालिकेची गाडी दिसली की आपला सँडविचवाला टोपली उचलून पळतो, तेव्हा अर्ध्या सँडविचचे पैसे द्यायचे की नाही या विचारात आपण उभे असतो.

आमच्या कोकण्यानं ताईंना विचारलं, पुढे गाडी कोण चालवणार? मुलगी आहे, त्या म्हणाल्या. काय करते? त्यांनी आमच्या गळ्यातल्या ऑफिसच्या आयकार्डांकडे बोट दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर सरळ सरळ अभिमान होता. दिवसभर एसीत बसते, सहाला सुटते, आणि कधीतरी आईला स्टुलं उचलायला येते. पिठात पाणी किती घालायचं तिला माहीत आहे का? 'माहीत आहे, पण हात नाही,' ताई म्हणाल्या. आम्ही चौघांनी नकळत आयकार्डं खिशात घातली.

बाराच्या सुमाराला स्टुलं एकमेकांत जायला लागली. एकेक गाडी गल्लीत परतली, कुणीतरी बादलीभर पाणी आणि झाडू घेऊन सोनाराची पायरी धुवायला लागलं. ताईंनी उरलेले चार गोळे आमच्या शाकाहारिणीच्या बोलमध्ये टाकले आणि पैसे घेतले नाहीत. मेट्रो चुकली, टॅक्सीवाल्यानं मीटर टाकला नाही, तो वेगळा लेख.

तर, जाणार असाल तर सोमवार सोडून जा आणि सहानंतर जा. घरात शाकाहारी माणूस असेल तर तिकीट नवरात्राच्या आसपासचं काढा. सुट्टे बाट जवळ ठेवा. आणि मेन्यूवर फोटो दिसला की आधी '१०० ग्रॅम' कुठे लिहिलंय ते शोधा, ते नेहमी खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत असतं.